खळ्यावरची राखण

"म्हणजे मी फेकणं सोडलं, तर मग मी कोण, बुवा?"

गिरजनाथबुवा मठाच्या ओट्यावर उकिडवे बसून राखेने लोटा घासत होते. लोटा आधीच लख्ख झाला होता, तरी घासत होते.

रणधीर गळवे पायरीवर बसला होता. उजवा हात त्याने डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कोणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा.

हा रणधीर आमच्याच गावचा. लहानपणी मेंढरांमागे हिंडायचा. गोफण धरायला त्याला बुवांनीच शिकवलं, याच मठाच्या जोंधळ्यात. पुढे त्याचा हात कोणाच्या तरी नजरेत भरला, आणि पोरगा तालुक्याला गेला, तिथून पुण्याला, आणि बघता बघता मोठ्या संघाचा वेगवान गोलंदाज झाला.

तुम्ही त्याला टीव्हीवर पाहिलं असेल. पण पाहिलं असेल ते सामन्याच्या शेवटीच. त्याला ठेवलेलाच शेवटासाठी. बाकीच्यांनी मार खाल्ला, सामना हातातून निसटायला लागला, की कप्तान याला हात करतो. तोवर हा सीमारेषेवर उभा.

आणि जितका काळ तो मैदानावर होता, जवळजवळ तितकाच दवाखान्यात. आधी पाठीचं हाड चिरलं. मग कोपर गेलं. मग खांदा, आणि पुन्हा तोच खांदा. गावात त्याच्या विकेटी कोणी विचारत नाही. "सध्या काय मोडलंय?" असं विचारतात. ऐकून वाईट वाटतं, आणि हसूही येतं, काय करणार.

अंतिम सामना दोन दिवसांवर आला होता. दुखऱ्या खांद्यात इंजेक्शन घेऊन उतरायचं की नाही, ते आज संध्याकाळी सांगायचं होतं. मॅनेजर फोन करणार होता. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. सुईने दुखणं झाकलं जाईल, खांदा बरा होणार नाही. आणि या वेळी फाटला, तर हा हात पुन्हा डोक्याच्या वर जाणार नाही. डोक्यावरून सदरा काढायलासुद्धा दुसरं कोणी लागेल.

म्हणून तो बुवांकडे आला. विचारायला आलो, असं म्हणाला. मला विचाराल तर 'खेळ' एवढंच ऐकायला आला होता.

मी मठाच्या अंगणात कडब्याच्या पेंढ्या बांधत होतो, म्हणून हे सगळं माझ्या कानावर पडलं.

"च्या घेणार का?" बुवा म्हणाले.

"बुवा, मी काहीतरी विचारलं."

"व्हय. ऐकलं म्या."

"मग?"

"गुळाचा चालंल का? का तुमच्या डागदरानं गूळ बी बंद केलाय?"

रणधीर हसला नाही. पूर्वी हसला असता. आल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव होता, लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला गाडीत बसायला जागा मिळू नये तसा.

"संघाला माझी गरज आहे, बुवा. शेवटचं षटक टाकायला दुसरं कोणी नाही."

"कोणीच न्हाई?"

"एक नवा पोरगा आहे. सुमेध. हात चांगला आहे त्याचा... पण शेवटचं षटक? सगळ्यांनी मिळून कमावलेलं एका षटकात घालवून बसेल."

"कवा घालवलं त्यानं?"

"अजून नाही. अजून त्याला शेवटचं षटक दिलंच नाही कोणी."

"का?"

"मी असतो ना."

बुवांनी लोटा धुतला आणि ओट्यावर पालथा घातला.

माझ्या हातातल्या पेंढीची तेवढी खसखस.

"दुखतं कुठं?" बुवांनी विचारलं.

"खांद्यात. सांगितलं की."

"कवा दुखतं?"

"कवा म्हणजे... फेकताना..." तो थांबला. मग मान हलवली. "नाही. फेकताना काही कळत नाही. दुखतं ते उभं असताना."

बुवांनी ओले हात उपरण्याला पुसले.

"सगळा सामना उभं राहायचं, बुवा. अंग गरम ठेवायचं. हात फिरवत राहायचं. डोळा कप्तानावर. आता बोलावील, मग बोलावील. कधी बोलावतो, कधी बोलावतच नाही. ज्या दिवशी बोलावत नाही ना, त्या रात्री हात जास्त दुखतो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरलासुद्धा नाही."

"आन घरी?"

"घरीही तेच. टेबलावर पेला कडेला असला की मी तो आत सरकवतो. बायको हसते. कोणी जिना उतरत असलं की माझा हात पुढे येतो. सारखं वाटतं, काहीतरी पडणार आहे आणि ते मलाच धरायचंय..."

त्याने डोळे मिटले.

"कंटाळलोय, बुवा. खरं सांगतो, लई कंटाळलोय."

एवढा वेळ तो पुण्याच्या भाषेत बोलत होता. तो 'लई' मात्र गावचा होता. आपणच आपल्या शब्दाला दचकावं तसा तो दचकला, आणि घाईघाईने म्हणाला, "पण खेळायचंय मला. तुम्ही फक्त सांगा, खेळू का?"

बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. त्यांचंही वय झालं आहे.

"चल."

मठाच्या मागेच खळं आहे. सारवलेलं, गोल. मधोमध मेढ, म्हणजे मळणीचा खांब, आणि मेढीच्या बुडाशी एक ढीग. मेढीला जुनी गोफण अडकवलेली असते. ती तिथे का असते, कोणाला माहीत नाही. कायम असते.

बुवांनी खळ्याच्या कडेला, कडुनिंबाच्या सावलीत बोट दाखवलं.

"बस हितं. आता पाखरं येतील. ढिगाकडं बघत बस जरा. म्या पडतो घटकाभर."

"आणि माझं उत्तर?"

"बस तर खरा."

मी पेंढ्यांचा भारा घेऊन तिकडेच आलो होतो. मी काहीतरी बोलणार होतो. बुवांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भारा खाली ठेवून गुमान पेंढ्या बांधायला लागलो. मग ते निंबाखाली आडवे झाले आणि तोंडावर उपरणं ओढून घेतलं.

रणधीर बसला.

थोड्या वेळाने एक होला आला. खळ्याच्या कडेला उतरला, मान पुढेमागे करत ढिगाकडे निघाला.

रणधीरने टाळी वाजवली. वाजवताना खांद्यात कळ आली असावी, कारण ओठ आवळले. होला उडाला.

मग चिमण्या आल्या. थवाच्या थवा.

"हाऽऽ!"

उडाल्या. आणि तो पुन्हा बसतो न बसतो तोच परत आल्या.

तो उठला. इकडेतिकडे पाहिलं. मेढीची गोफण काढली, हाताने ताणून बघितली, कडेचे खडे गोळा केले. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो कंटाळा कुठल्या कुठे गेला. त्याला हात केला होता ना कोणीतरी! निदान त्याला तसं वाटलं.

सांगायलाच हवं, सुरुवातीला तो देखणा दिसत होता. पाय रोवलेले, कमरेतून वळलेला, डोक्यावरून गोफण एकदा घुमली आणि खडा सुटला. ढिगाच्या अगदी कडेला, जिथे चिमणी बसली होती, तिच्या शेपटीशी जाऊन पडला. चिमणीला लागला नाही. त्याला लावायचाच नव्हता. मी पेंढी तशीच हातात धरून बघत राहिलो. असा हात देव सगळ्यांना देत नाही, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

पण पाखरांना काय त्याचं! ती उडायची, मठाच्या कौलांवर बसायची, आणि परत यायची.

तो फेकत राहिला.

साळुंक्या आल्या. होल्यांची जोडी आली. एका बाजूने उडवली की दुसऱ्या बाजूने उतरायची. काही खडे ढिगात जाऊन रुतले. ऊन निंबाच्या बुंध्यावरून सरकून त्याच्या पाठीवर आलं, तरी तो सावलीत सरकला नाही.

मग खांद्यातून आवाज आला. मला पेंढ्यांपर्यंत ऐकू आला. वाळकी काटकी मोडावी तसा.

त्याने गोफण डाव्या हातात घेतली.

डाव्याने नेम कसला लागतोय. खडा कधी मागे जायचा, कधी माझ्या पेंढ्यांवर. तो पुटपुटत होता, "या की... या... बघतोच कशी खाताय ती..." पुण्याची भाषा आता पुरती सुटली होती.

माझ्याने राहवलं नाही. "रणधीर, पुरे की बाबा."

"तुम्ही पेंढ्या बांधा, अण्णा!" तो ओरडला. "ढीग उघड्यावर टाकून सगळी झोपली! कुणीतरी नको का बघायला?"

त्याचं तोंड ओलं होतं. लांबून कोणी घाम म्हटला असता. मी जवळ होतो. तो रडत होता.

मला बुवांचा राग आला, खरं सांगतो. उपरण्याखाली ते झोपले नव्हते, हे मला ठाऊक होतं.

उन्हं कलली. पाखरं हळूहळू कौलांवरूनही दिसेनाशी झाली. रणधीर मेढीला टेकून उभा होता, उजवा हात लोंबता.

बुवा उठून बसले.

"पाखरं आली व्हती का रं?"

"आली." त्याचा श्वास लागला होता. तरी मान ताठ झाली. "एकालाही चोच लावू दिली नाही."

"एक दाणा बी न्हाई?"

"एक दाणासुद्धा नाही."

बुवांनी उपरणं खांद्यावर टाकलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हंजी उपाशी गेली म्हण की."

"...बुवा?"

"जा. ढिगातली एक मूठ आण."

रणधीरने वाकून उजवा हात पुढे केला. हात कोपरातून हलला, खांद्यातून पुढे येईना. मग त्याने डावा हात ढिगात घातला, मूठ भरली, आणि उघडून पाहिली.

माती. काडीकचरा. फोलपटं. त्यात अधूनमधून एखादा दाणा. आणि त्यानेच मारलेले दोन खडे.

तो कितीतरी वेळ तळहाताकडे बघत राहिला.

"हे... हे मातेरं आहे."

"व्हय."

"आणि जोंधळा?"

"आत हाय. पोत्यात. मळणी झाली त्याच दिशी आत घेतला."

मळणीनंतर खळं झाडून जे मातीसकट गोळा होतं, ते मातेरं. लोक ते पाखडून, धुऊन दाणे काढून घेतात. या मठात घेत नाहीत. इथे त्याचा ढीग करतात आणि पाखरांसाठी सोडतात, दरसाल. गावात शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

रणधीरलाही ठाऊक होतं. त्याची आई होती तोवर हे खळं झाडायला तीच यायची. आणि हा बारका असताना तिच्या मागे मागे, ओंजळीत मातेरं घेऊन "या, या" करत पाखरांना बोलवायचा. मी पाहिलेलं आहे. त्याला ते आता आठवलं असावं, कारण उघडी मूठ त्याने हळूच मिटून घेतली.

पण बोलला तो रागानेच.

"मला सांगितलं का नाही?"

"तू इचारलं न्हाईस."

"तुम्ही म्हणालात, पाखरं येतील!"

"येणारच की. त्यांचं जेवण हाय ते."

"तुम्ही म्हणालात, ढिगाकडं बघ."

"मग तू ढिगाकडं बघितलंस व्हय?"

रणधीरने मूठ उघडली, मातेरं खाली सांडलं.

"बस म्हणलो व्हतो," बुवा म्हणाले. "बसलास का?"

"खांदा गेला माझा, बुवा!" त्याचा आवाज फाटला. "परवासाठी जपला होता तेवढा... तोही गेला. या कचऱ्यापायी! तुम्ही पडून होतात. बघत होतात. एक शब्द बोलला असतात तर..."

बुवांनी त्याला अडवलं नाही. समजावलंही नाही. तो बोलून बोलून थकला आणि मेढीशीच खाली बसला, तेव्हा ते उठले, मठातून लोटा भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला.

रणधीरने सवयीने उजवा हात उचलला. उचलला गेला नाही.

बुवांनी लोटा त्याच्या ओठांना लावला. म्हाताऱ्या हाताने, सावकाश, सांडू न देता पाजलं. रणधीर लहान पोरासारखा घटाघटा प्यायला. त्याला आजवर कितीजणांनी टाळ्या वाजवल्या असतील, पण पाणी पाजताना त्याच्या पाठीवर हात ठेवणारं कोणी होतं की नाही, कोण जाणे. बुवांनी ठेवला.

मग त्यांनी त्याच्या मांडीवरची गोफण घेतली. तिची नीट घडी केली. घडी जमिनीवर ठेवली, आणि तिच्यावर बसले.

"आता?" रणधीरने विचारलं.

"आता बस."

"किती वेळ?"

बुवांनी शेजारची जमीन हाताने झाडली.

दोघं मेढीपासून जरा बाजूला, शेजारी शेजारी बसले. मीही पेंढ्या बांधायचं थांबवलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक चिमणी कौलांवर परतली आणि तिथून खाली आली. खळ्याच्या कडेला थांबली. तिला भरवसा वाटेना. रणधीरच्या डाव्या हाताची बोटं जमिनीवर वळली, तिथे एक खडा होता. बुवांनी त्या बोटांकडे पाहिलं, पण हललेही नाहीत. बोटं आपली आपण सैल झाली.

चिमणी ढिगावर चढली आणि टिपायला लागली.

मग दुसरी. मग सगळाच थवा. होल्यांची जोडी आली, आपला मान ठेवून एका अंगाला उभी राहिली. साळुंक्या भांडत भांडत आल्या. मातेऱ्यात चोची खुपसून पाखरं अशी काही तुटून पडली होती की बघवत नव्हतं.

"किती खातात..." रणधीर पुटपुटला.

"दुपारपास्नं उपाशी हायती."

रणधीरने मान खाली घातली. पण डोळे ढिगावरून काढले नाहीत. त्याचे खांदे, मी पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदा खाली आले होते. दुखणं होतंच. चेहरा पिवळा पडला होता. तरी तो तिथे बसलेला होता, कुठे धावायला निघालेला नव्हता.

तेवढ्यात फोन वाजला.

भुर्रकन सगळी पाखरं उडाली.

फोन उजव्या खिशात होता. त्याने अंग वळवून, डाव्या हाताने, कसाबसा तो ओढून काढला. मॅनेजरचा आवाज एवढा मोठा होता की मलाही ऐकू आला.

"रणधीर! काय ठरलं? सुई घेतोयस ना? डॉक्टर थांबलेत इथे. बोल लवकर!"

रणधीरने बुवांकडे पाहिलं.

बुवा ढिगाकडे बघत होते.

कौलांवरून ती पहिली चिमणी पुन्हा खाली आली. मग आणखी दोन. होला उतरला. रणधीर फोन कानाला लावून बघत राहिला. तिकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं.

"शेवटचं षटक सुमेधला द्या," तो म्हणाला.

इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाला की शेजारच्यालाही जेमतेम ऐकू यावं.

"काय? काही कळत नाहीये! कोणाला द्या? मोठ्याने बोल!"

रणधीरने छाती भरून श्वास घेतला. मोठ्याने बोलायला तोंड उघडलं...

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू, लेकरा... पाखरं जेवत्यात."